गंज खालून चढतो

पौष वद्य सप्तमीच्या सुमारास हिवरा आश्रमात विवेकानंद जन्मोत्सव भरतो. शेवटच्या दिवशी शेतात पंगती बसतात, माणसं लाखांच्या घरात, आणि पुरी-वांग्याची भाजी वाढायला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पंगतींमधून फिरतात. मेहकर तालुक्यात वाढलेल्यांना यात नवल नाही. लोखंडाच्या कामाशी संबंध आलेला माणूस मात्र जेवता जेवता ट्रॉलीच्या कोपऱ्याकडे बघतो. वर्षभर खताची पोती, शेणखत, सोयाबीन, रेती, वीट असं सगळं वाहणारी ट्रॉली बाजूच्या फळीवर रंग उडूनही शाबूत असते. सडलेली असते ती खाली, जिथे फळी तळाच्या पत्र्याला मिळते तिथे, आणि तळाखालच्या आडव्या चॅनेलच्या बेचक्यात. म्हणजे उन्हापावसात उघडा पडलेला पत्रा टिकतो आणि झाकलेला जातो.

घरासमोरच्या कारचंही हेच आहे. बॉनेट आणि छत आपण फडक्याने रोज पुसतो, दरवर्षी पॉलिश करतो, आणि गंज त्या दोन्ही ठिकाणी सहसा लागतच नाही. तो लागतो दाराच्या खालच्या काठाला, चाकावरच्या मडगार्डच्या आतल्या कडेला, पायाखालच्या मॅटच्या खाली, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात. बाहेरून रंगाला फुगा आलेला दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुधा निम्मा गेलेला असतो, कारण लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो आणि तोच रंगाला उचलून धरतो.

झाकलेला पत्राच का सडतो, याचं उत्तर केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एका थेंबावर दाखवलं. स्वच्छ लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा आणि बघत राहायचं. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोहोचतो, मध्यावर पोहोचत नाही. आपण म्हणू, जिथे ऑक्सिजन जास्त तिथे गंज जास्त. घडतं उलटं. ऑक्सिजनला मुकलेल्या मध्यभागी लोखंड विरघळू लागतं, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन त्यांना पकडतो. तांबूस वर्तुळ दिसतं ते या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. खड्डा पडतो मध्यावर. एका थेंबात एक छोटी बॅटरी तयार होते, आणि तिचा जळणारा ध्रुव म्हणजे आपला पत्रा.

थेंबाच्या जागी आता काळ्या मातीचा चिखल ठेवा. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना घट्ट आवळते. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून गेलेल्या गाडीच्या मडगार्डच्या आतल्या कडेवर तिचा जाड थर बसतो. दिवाळीपर्यंत तो वरून दगडासारखा वाटतो, पण पत्र्याला चिकटलेल्या बाजूने कित्येक आठवडे ओलसर राहतो. त्या थराखाली ऑक्सिजन कमी, बाजूच्या उघड्या पत्र्यावर भरपूर. इव्हान्सचा थेंब वितभर मोठा होऊन बसलेला असतो. म्हणून माझं मत असं की विदर्भात गाडीच्या गंजाचा खरा हंगाम पावसाळा नव्हे, पावसाळा संपल्यानंतरचे दोन महिने. पाऊस धूत तरी असतो. तो थांबला की जे अडकलं ते अडकलं.

मीठ या कारभारात तीन कामं करतं. पाण्यातून वीज वाहणं सोपं करतं, म्हणजे बॅटरी जोरात चालते. त्यातला क्लोराईड लोखंडावर आपोआप बसणारा पातळ संरक्षक थर फोडतो. आणि तिसरं, ज्याकडे फारसं लक्ष जात नाही: ते हवेतलं पाणी ओढून घेतं. शुद्ध मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाघळतं. मॅग्नेशियम क्लोराईडला ३३ टक्के पुरतात. समुद्राच्या मिठात हा मॅग्नेशियमचा क्षार मिसळलेला असतो, म्हणून कोकणात वाळलेली दिसणारी गाडी प्रत्यक्षात वाळलेली नसते.

मिशिगन, शिकागो, टोरांटोकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांना हे पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यातच कळतं. तिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे दोन कोटी टन. मिठाचं संपृक्त पाणी उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. रस्त्यावर मात्र त्याची ताकद त्याच्या बऱ्याच आधी, उणे दहाच्या आगेमागे संपते. त्याहून कडक थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराईड मारतात. रस्ता सुरक्षित होतो, पण हेच क्षार गाडीच्या पोटाला चिकटून कोरड्या हवेतही ओले राहतात. नव्याने गेलेला माणूस गाडीची काळजी म्हणून ती तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवतो आणि तिथेच फसतो. बाहेर कडाक्याच्या थंडीत गोठून बसलेलं मीठपाणी आत वितळतं, ऊब मिळते, आणि गंजण्याची क्रिया वेग घेते. रोज रात्री ऊब आणि रोज सकाळी ताजं मीठ, याहून वाईट जोडी नाही. गॅरेज उबदार हवंच असेल तर आधी गाडी खालून धुवायला हवी. कॅनडात दर शरद ऋतूत गाडीच्या पोकळ्यांमध्ये तेल मारून देणं हा स्वतंत्र धंदाच आहे, आणि तो उगाच चालत नाही.

हिवऱ्यात बर्फ नाही, तेव्हा आपला मिठाशी काय संबंध? आहे, फक्त वाटा वेगळ्या.

पहिली वाट समृद्धी महामार्गाची. पूर्वी कोकणची सहल म्हणजे दोन दिवसांचा प्रवास. आता मेहकरजवळून गाडी समृद्धीवर चढली की दिवस मावळायच्या आत समुद्र दिसू शकतो. काशीद, अलिबाग, गणपतीपुळ्याला गेलेल्या गाड्यांपैकी काही थेट पुळणीवर उतरतात, फोटोसाठी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ओल्या वाळूवर चाक फिरलं की ते पाणी मडगार्डच्या आत, सायलेन्सरवर, ब्रेकच्या पाइपवर उडतं. परत आल्यावर गाडी वरून धुतली जाते, कारण वरून धूळ दिसते.

दुसरी वाट शेतकऱ्याच्या डिकीतून येते. कृषी केंद्रातून पोटॅशची दोन पोती घ्यायला कोण ट्रॅक्टर काढतो? ती कारमध्येच टाकतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. वजनाचा जवळजवळ निम्मा भाग नुसता क्लोराईड. गंजाच्या हिशेबात ते खाण्याच्या मिठाचं सख्खं भावंड आहे. पोतं फाटतं, मूठभर दाणे डिकीच्या गालिच्याखाली जातात, आणि पावसाळी हवेत पाघळतात. युरियाने लोखंड तेवढं जात नाही, पण खतांचं मिश्रण एकेकट्या खतापेक्षा लवकर पाणी धरतं. १०:२६:२६ सारख्या मिश्र खताचं पोतं वाहिलं असेल तर गालिचा उचलून खाली झाडून घेणं हे धुण्याइतकंच महत्त्वाचं. पिकअपमधून बैल, गाई, शेळ्या नेणाऱ्यांनी मुताचा विचार करावा; त्यातही क्षार आणि अमोनिया दोन्ही असतात, आणि ते फळ्यांच्या फटीतून नेमके चासीवर गळतात.

तिसरी वाट मला सर्वांत विचित्र वाटते, कारण ती धुण्याच्या पाण्यातूनच येते. बुलढाणा जिल्ह्याचा उत्तर भाग, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडचा, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा मिळून हा पट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा आहे. तिथलं बोअरचं पाणी पिण्याच्या लायकीचं नसतं, पिकालाही सोसवत नाही. पण गाड्या धुवायला चालतं असा समज आहे. धुतल्यावर काचेवर जे पांढरे डाग उरतात तेच दाराच्या आत, चासीच्या पोकळीत उरतात, आणि तिथे ते पुसायला कोणी जात नाही. घाटावर, मेहकरकडे, पाणी तितकं खारं नाही. तरी बोअरच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याने काचेवरच्या डागांवरून अंदाज घ्यावा, आणि शेवटचं पाणी शक्यतो धरणाच्या नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं घ्यावं.

खाऱ्या पाण्याचा विषय निघाला की इकडे लोणार आठवणारच. लोणारचं सरोवर गाड्यांना धोकादायक आहे का, असं एका मुलाने मला विचारलं होतं. प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. तिथल्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास असतो, म्हणजे ते चांगलंच अल्कधर्मी आहे. पूर्वी काठावरचा खार गोळा करून विकला जाई. अल्कधर्मी पाण्यात लोखंड उलट शांत राहतं. सिमेंट काँक्रीटच्या आतली सळई वर्षानुवर्षं टिकते ती याच कारणाने. पण लोणारच्या पाण्यात सोड्याबरोबर मीठही आहे, आणि क्लोराईड पुरेसा असला की तो ही शांतता मोडतो. काँक्रीटमधल्या सळईला समुद्रकाठी हेच भोगावं लागतं. पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला तेव्हा त्याला दोन दशकंही झाली नव्हती. काँक्रीटच्या आत ताणून ठेवलेल्या पोलादी केबल गंजल्या होत्या, आणि बाहेरून त्यांचं कोणाला काही दिसत नव्हतं.

सोड्याचा उलटा उपयोगही आहे. धुण्याच्या सोड्याचं पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत घ्यावं, गंजलेला पान्हा किंवा वखराची पास चार्जरच्या ऋण टोकाला बांधावी, भंगार लोखंडाचा तुकडा धन टोकाला, दोन्ही बुडवून १२ व्होल्टचा प्रवाह सोडावा. दोन्ही तुकडे एकमेकांना टेकता कामा नयेत. काही तासांत गंज सैल होऊन ब्रशने निघतो. हे उघड्यावर करावं, कारण हायड्रोजन निघतो, आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये. त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. कारच्या बॉडीवर अर्थातच हा प्रयोग नाही.

कारखान्यात गाडीला काय संरक्षण मिळतं? जुन्या गाड्यांना फारसं नव्हतं. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या तळातून रस्ता दिसायचा, असं सांगणारे मुंबईकर अजून भेटतात. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा संपली. बऱ्याच जणींचा पत्रा त्याच्या कितीतरी आधी संपला होता. पद्मिनीनंतरच्या पिढीच्या गाड्यांत दोन गोष्टी बदलल्या. एक, सगळी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून वीज सोडतात, त्यामुळे ब्रश पोहोचणार नाही अशा पोकळीतही सुमारे २० मायक्रॉनचा प्रायमर चिकटतो. दोन, पत्र्यावर जस्ताचा थर. जस्त लोखंडापेक्षा उतावळं. ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी शेजारचं जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पोर्शेने १९७० च्या दशकाच्या मध्यात ९११ ची बॉडी जस्त चढवलेल्या पत्र्याची केली, ऑडीने १९८० च्या दशकात तेच मोठ्या प्रमाणावर आणलं. आपल्याकडच्या गाडीत किती पत्रा जस्ताचा आहे, हे मॉडेलप्रमाणे बदलतं; विक्रेत्याला विचारायला हरकत नाही, उत्तर देताना त्याचा चेहरा मात्र बघावा.

हेच जस्ताचं तत्त्व जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे बांधून वापरतात. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये तांब्याचा तळ असलेल्या जहाजांसाठी ते सुचवलं होतं. त्याच धाग्यावर, गाडीला बॅटरीतून वीज देऊन गंज थांबवतो म्हणणारी यंत्रं विकली जातात. जहाज सतत पाण्यात असतं, पाणी विजेची साखळी पूर्ण करतं. गाडी हवेत उभी. साखळीच नाही तर वीज जाणार कुठे? हे पैसे वाचवावेत.

मग खर्च कशावर करावा? आधी फुकटचं काम. दारात पाणी जातंच; काचेच्या रबरातून ते आत उतरतं आणि दाराच्या तळाला ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडतं. ही भोकं चिखलाने, पॉलिशच्या मळाने किंवा उत्साहाने मारलेल्या कोटिंगने बुजतात. तीच गोष्ट वायपरखालच्या जाळीची, जिथे कडुनिंबाची पानं कुजतात. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत दाराच्या खालच्या काठावरून बोट फिरवून ही भोकं शोधावीत आणि बांबूच्या काडीने मोकळी करावीत. तारेने खरवडू नये, आतला रंग जातो. मडगार्डच्या आतल्या कडेत हात घालून चिखलाचा थर बोटांनी काढावा, नंतर पाणी. नुसता दाबाचा पाइप मारला तर चिखल आणखी आत ठासला जातो. मॅट काढून खालचा गालिचा दाबून बघावा. ओल लागली तर गाडी दिवसभर दारं उघडी टाकून उन्हात. आपल्याकडे ऊन ही एक गोष्ट टोरांटोवाल्यांपेक्षा भरपूर आहे, तिचा वापर करावा.

वॉशिंग सेंटरवर गाडी रॅम्पवर चढवून खालून डिझेल किंवा काळं ऑइल फवारण्याची पद्धत सर्रास आहे. तेलाने पाणी दूर राहतं, ही समजूत बरोबर. पण जळक्या ऑइलमध्ये आम्ल आणि धातूचे कण असतात, ते रबरी बुश आणि बूट फुगवतं, आणि महिनाभर थेंब थेंब जमिनीत उतरतं. डिझेल तर आठवड्यात उडून जातं, मागे धूळ धरायला चिकटा ठेवून. त्याऐवजी पोकळ्यांसाठी मिळणारं मेण किंवा लॅनोलिन असलेलं तेल मारावं. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचटपणा. धनगराची घोंगडी पावसात लगेच भिजत नाही त्याचं श्रेय थोडंफार त्यालाही आहे. ते दाराच्या आत, उंबऱ्याच्या पोकळीत, चासीच्या पेटीत नळीने सोडायचं असतं. ब्रेकच्या डिस्कवर, लायनरवर आणि सायलेन्सरवर एक थेंबही नको.

काळं जाड रबरी अंडरकोटिंग नव्या, स्वच्छ, कोरड्या गाडीवर चांगलं काम करतं. जुन्या गाडीवर, गंज आणि चिखल न काढता मारलेलं असेल तर ते मारलं नसतं तर बरं. खाली ओल अडकते, वरून सगळं काळंभोर आणि नवं दिसतं, आणि पाच वर्षांनी ते साल निघावी तसं पत्र्यासकट निघतं. कोटिंग करायचंच तर भर उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, गाडी धुऊन दोन दिवस उन्हात ठेवल्यावर.

गंज लागलेलाच असेल तर त्यावर नुसता रंग मारणं म्हणजे त्याला छत देणं. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने तो चकाकत्या लोखंडापर्यंत घासावा, मग प्रायमर. ट्रॉल्यांना रेड ऑक्साईड मारतात. स्वस्त आहे, बरं आहे, पण त्यातला लाल रंग हाच लोखंडाचा ऑक्साईड, त्याला स्वतःची अशी रोधक शक्ती नाही. पूर्वी पुलांना आणि जहाजांना शिशाचा लाल प्रायमर मारत, म्हणजे देवाला लावतात तोच शेंदूर. तो गंजाला खरोखर रोखतो, पण शिसं विषारी म्हणून जगभर मागे पडला. आता जस्तयुक्त प्रायमर घ्यावा. बेचक्यात ब्रश पोहोचत नाही तिथे गंज बदलणारी रसायनं असतात, फॉस्फोरिक आम्लाची किंवा टॅनिनची. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो ते टॅनिन आणि लोखंडाच्या संयोगाने. हिरडा आणि लोखंड मिळून जुन्या पोथ्यांची शाई बनत असे. हाच काळा, पाण्यात न विरघळणारा थर गंजावर बसतो. सैल पापुद्रे आधी काढले तरच.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं बघणं. एमएच-२८ ची गाडी बुलढाणा जिल्ह्यात वाढलेली असते. एमएच-०७, ०८ किंवा ४३ ची गाडी स्वस्त मिळत असेल तर ती सिंधुदुर्ग, रत्नागिरी किंवा नवी मुंबईची खारी हवा खाऊन आलेली असण्याचा संभव आहे. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या प्रसंगानंतर तर फारच सावध राहावं. ओळखायला एक चुंबक पुरे. दाराच्या खालच्या काठावर आणि मडगार्डच्या कडेवर तो फिरवावा. जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. सीट रुळावर किती पुढेमागे सरकते आणि सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर त्याच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का, हेही बघावं. डेंटिंग-पेंटिंगवाला बाहेरचं सगळं झाकू शकतो, सीटबेल्टच्या आतपर्यंत तो सहसा जात नाही.

आणि चासी नंबर. गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं, त्या वेळी आरटीओत नंबर पडताळतात, कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घेतात. पिकअप, जीपसारख्या गाड्यांत हा नंबर बहुधा पुढच्या चाकाजवळ चासीवर ठोकलेला असतो, म्हणजे नेमका चिखलाच्या माऱ्यात. तो गंजून पुसट झाला तर गाडी कितीही ठणठणीत असली तरी काम अडतं. परवानगी काढून नंबर पुन्हा ठोकून घ्यावा लागतो, आणि त्यात हेलपाटे होतात. विमा इथे उपयोगी पडत नाही, झीज आणि गंज त्यात धरत नाहीत. तेव्हा सर्व्हिसिंगला गाडी रॅम्पवर चढली की नंबर कुठे आहे ते मेकॅनिककडून बघून घ्यावं, ती जागा फडक्याने पुसावी, ब्लेडने खरवडू नये, आणि वर ग्रीसचं एक जाडसर बोट फिरवून ठेवावं.